राक्षस कोण चालवतंय? एकट्यानं डंजन खेळायला साधे नियम निवडताना

दिवाळीच्या सुट्टीत भाचा राहायला आला होता. रात्री जेवणं उरकल्यावर मी टेबलावर टॉवेल अंथरला, ग्राफ पेपर काढला, पेन्सिल, खोडरबर आणि दोन फासे मांडले. तो शेजारी येऊन उभा राहिला, जरा वेळ बघितलं आणि म्हणाला, "मावशी, तू एकटीच खेळायलीस की. मग राक्षस कोण चालवतंय?"

"मीच. पण ते काय करणार ते मी ठरवत नाही, फासा ठरवतो."

"आणि फाशाला कोण सांगतंय?"

"पुस्तक."

"मग पुस्तक नीट बघून घ्यायला पाहिजे," म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

एकट्यानं डंजन खेळायचं म्हणून नियमांचं पुस्तक शोधणाऱ्या प्रत्येकानं सुरुवात त्याच्या पहिल्या प्रश्नापासून करावी. डंजन म्हणजे कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळायचं भुयारातलं कल्पनेतलं साहस. हा खेळ मुळात चार-पाच जणांचा. त्यातला एक सूत्रधार. भुयाराचा नकाशा तो झाकून ठेवतो, राक्षस चालवतो आणि "दाराला कान लावला तर काय ऐकू येतं?" असल्या प्रश्नांची उत्तरं देतो. एकट्यानं खेळायचं तर सूत्रधार नाही, पण त्याची ही तीन कामं उरतातच: नकाशा, राक्षस, उत्तरं. एकतर ती नियम करतील, नाहीतर तुम्ही. नियम जे करणार नाहीत ते सगळं रात्री दहा वाजता, दिवसभर राबून आलेल्या तुमच्या डोक्यावर पडणार आहे. म्हणून कुठलंही पुस्तक हातात घेतलं की मी आधी बघते, यातलं कुठलं काम हे करतंय आणि कुठलं माझ्यावर टाकतंय. चित्रं, जादूच्या याद्या, राक्षसांची संख्या हे सगळं नंतर.

मी टॉवेलची जॅकार्ड डिझाईन, म्हणजे कापडात विणून उठणारी नक्षी, करते, दिवसभर संगणकावर. वडीलही हेच काम करायचे, पण हातानं, ग्राफवर एकेक चौकोन रंगवून. त्यांचे न वापरलेले ग्राफचे गठ्ठे कपाटात होते, त्यावरच माझी भुयारं निघतात. रात्री पुन्हा स्क्रीनकडं बघायचं नाही म्हणून मी कागदावरच्या खेळाकडं वळले. हे सांगायचं कारण, नियम निवडताना आपली रात्र कशी असते ते स्वतःला प्रामाणिकपणे विचारावं लागतं. माझ्याकडं पाऊण तास असतो, एक टेबल असतं आणि पलीकडच्या खोलीत झोपलेलं माणूस असतं. खाली टॉवेल असला की फासा वाजत नाही आणि घरंगळून खालीही पडत नाही.

पहिलं पुस्तक निवडताना मी फसले. तीनशेच्या वर पानं, सुरेख छपाई. तीन आठवडे नुसतं वाचत होते. एक योद्धा तयार करायला रविवारची अख्खी दुपार गेली, पानभर आकडे भरले. मग पहिल्या खोलीत चार गॉब्लिन, म्हणजे छोटे राक्षस, निघाले आणि दुसऱ्या फेरीत माझा योद्धा मेला. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा मेला. पुष्कळ उशिरा लक्षात आलं की चूक माझी नव्हती. ते नियम चार जणांच्या टोळीसाठी बेतलेले होते. एका फेरीत मी एकदा वार करणार आणि ते चौघं मिळून चारदा. योद्धा कितीही तगडा असला तरी हा हिशेब त्याच्या विरुद्धच जातो. एकट्या नायकासाठी नियम घेताना हे पहिलं तपासायचं: एकाला अनेकांशी लढायची वेळ आली तर या नियमांनी काही सोय केली आहे का?

तेव्हापासून मी कुठलेही नियम एका चाचणीतून काढते. एक खोली, तीन उंदीर, एक दार. पुस्तक शेजारी उघडं ठेवायचं, घड्याळ लावायचं आणि ती एक खोली खेळायची. किती वेळा पान उलटावं लागलं तेवढ्या रेघा कागदाच्या कोपऱ्यात ओढायच्या. पहिल्यांदा आठ-दहा रेघा आल्या तर काही बिघडत नाही. लगेच तीच खोली दुसऱ्यांदा खेळायची. दुसऱ्या वेळीही चारच्या वर रेघा आल्या तर ते पुस्तक दमलेल्या रात्रीचं नाही. सुट्टीच्या दिवसाचं असेल कदाचित. उंदीर एवढ्यासाठी, की उंदरांशी लढायलाच वीस मिनिटं लागली तर ड्रॅगनपर्यंत तुम्ही कधी पोचणार?

एकट्यानं खेळायची सोय या खेळाइतकीच जुनी आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा मूळ खेळ 1974 साली आला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या कर्त्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, यानं एकट्यानं खेळायचे तक्ते छापले. 1976 मध्ये 'टनेल्स अँड ट्रोल्स' या खेळासाठी 'बफेलो कॅसल' हे पूर्णपणे एकट्याचं साहस निघालं. त्यामुळं आपण काही मोडकंतोडकं करून खेळतोय असं कुणी मनात आणू नये.

आता मला स्वतःला ज्यांचा उपयोग झाला त्यांच्याबद्दल.

घरात लुडोचे दोनच फासे असतील तर 'फायटिंग फँटसी' या पुस्तकमालिकेपासून सुरुवात करा. स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांचं त्या मालिकेतलं पहिलं पुस्तक 1982 चं. नायकाला आकडे तीनच. कौशल्य म्हणजे एक फासा अधिक 6, दम म्हणजे दोन फासे अधिक 12, नशीब म्हणजे एक फासा अधिक 6. लढाईत दोन फासे टाकायचे, त्यात कौशल्य मिळवायचं. राक्षसासाठीही तेच करायचं. ज्याची बेरीज जास्त त्यानं समोरच्याचा दम 2 नं उतरवायचा. बेरीज सारखी आली तर दोघांचेही वार हुकले. झाले नियम. उंदरांच्या चाचणीत दुसऱ्या वेळी माझी एकही रेघ आली नव्हती.

पण हे नियम दिसतात तेवढे मऊ नाहीत. एकदा पावसाळ्यात लाईट गेली होती, तेव्हा मेणबत्तीत बसून मी त्याचं गणित मांडलं. नायकाचं कौशल्य 9 आणि समोर 6 कौशल्याचा ऑर्क राक्षस असला, तर प्रत्येक फेरी तुम्ही शंभरात साधारण 76 वेळा जिंकता, 16 वेळा हरता, उरलेल्या 8 वेळा बरोबरी. फरक फक्त तीनचा आहे. कौशल्य दोघांचं सारखं असेल तर हेच 44, 44 आणि 11 वर येतं, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. दम कितीही असला तरी खेळ कौशल्याच्या त्या एका आकड्यावर चालतो, आणि तो आकडा सुरुवातीच्या एका फाशावर ठरतो. 1 पडला की कौशल्य 7, पुढचा सगळा प्रवास चढणीचा. म्हणून मी फासा टाकतच नाही, सरळ 9 धरते. भाच्यालाही तसंच शिकवलं.

याची दुसरी अडचण म्हणजे नकाशा. त्या मालिकेत नकाशा पुस्तकातच लिहिलेला असतो, परिच्छेदांना क्रमांक असतात आणि तुम्ही एकातून दुसऱ्यात उडी घेता. म्हणजे तिन्ही कामं पुस्तक करतं, पण एकदाच. दोन-तीनदा खेळलं की वाटा पाठ होतात. तोवर तुमचे हात मात्र तयार झालेले असतात.

माझं मन जास्त रमलं ते आंद्रेआ स्फिलिगोलीच्या नव्हे, स्फिलिगोईच्या 'फोर अगेन्स्ट डार्कनेस'मध्ये (हे आडनाव मी वर्षभर चुकीचं म्हणत होते). हे 2016 चं. साधे सहा बाजूंचेच फासे. नायक एकाऐवजी चार, त्यामुळं माझा पहिला घोळ इथं मुळातच होत नाही. नकाशा फासे ठरवतात. दोन फासे टाकायचे, एक दशकाचा, एक एककाचा, म्हणजे 11 पासून 66 पर्यंत छत्तीस खोल्या होतात. आलेल्या आकड्याची खोली ग्राफवर उतरवायची, दारं काढायची, मग आत काय आहे त्यासाठी पुन्हा फासे. फासे दोन रंगांचे ठेवा. माझा लाल दशकाचा. एकाच रंगाचे असले की दशक कुठलं यावर स्वतःशीच वाद होतो आणि आपण नकळत सोयीची खोली निवडतो.

वडिलांच्या ग्राफवर ही भुयारं काढताना एक गंमत झाली. जॅकार्डच्या ग्राफचे चौकोन नेहमी चौरस नसतात. कापडात एका इंचात ताण्याचे (उभे) धागे किती आणि बाण्याचे (आडवे) किती, त्या प्रमाणात घरं आडवी-उभी कमीजास्त असतात. त्यांचा 8 बाय 10 चा ग्राफ होता. ठळक रेघांचा मोठा चौकोन चौरस, पण आतली घरं चपटी. त्यावर माझी पहिली चौरस खोली आडवी ताणल्यासारखी दिसायला लागली. मी नवा ग्राफ आणणार होते, मग वाटलं, राहू दे. घरं मोजायची, अंतर बघायचं नाही. वडील टॉवेलवरचा मोर असाच काढायचे. एकेक घर मोजून, आणि मागावरून उतरला की मोराची मान ताठ.

या नियमांतली लढाई एकदा जवळून बघा, म्हणजे 'साधे नियम' असं मी कशाला म्हणते ते कळेल. बोळात पाच गॉब्लिन, पातळी (म्हणजे ताकदीचा आकडा) 3. बोळ अरुंद, म्हणून माझे पुढचे दोघंच हातघाईला येऊ शकतात. योद्ध्याचा एक फासा टाकला, 6 पडला. 6 आला की पुन्हा टाकून मिळवायचा. 4 पडला, झाले 10. पहिल्या पातळीचा योद्धा आपली पातळी मिळवतो, झाले 11. अकराला गॉब्लिनच्या पातळीनं, म्हणजे 3 नं भागायचं. भागाकार 3, एका वारात तीन गॉब्लिन आडवे. उरलेल्या दोघांनी वार केले, पण त्यांच्यासाठी मी फासा टाकत नाही. माझा नायक वाचला का, त्याचाच फासा मी टाकते. म्हणजे वाराचा आणि बचावाचा प्रत्येक फासा माझ्या माणसाचा. भाच्याच्या प्रश्नाला मला मिळालेलं सगळ्यात चांगलं उत्तर हेच आहे. इथं राक्षसांचे वार चालवावेच लागत नाहीत. त्यांच्या पातळीशी माझा फासा भिडतो, वार आणि बचाव माझ्याच हातून घडतात. दमलेल्या रात्री याचा किती आधार वाटतो ते खेळल्याशिवाय कळणार नाही.

शेवटचा मोठा राक्षस कधी येणार हेही आधी ठरलेलं नसतं. जेव्हा जेव्हा मोठा राक्षस भेटतो तेव्हा एक फासा टाकायचा, आतापर्यंत भेटलेले मोठे राक्षस त्यात मिळवायचे, 6 किंवा जास्त आले की हाच शेवटचा. हा फासा टाकताना मी अजूनही श्वास धरते.

यात कमी काय? बोलणं नाही. गॉब्लिनला विचारावंसं वाटलं की बाबा रे, तू इथं कशाला आलास, तर त्याचं उत्तर तक्त्यात फारसं मिळत नाही. ज्यांना गोष्ट हवी त्यांना चार-सहा महिन्यांत ही भूक लागते. मलाही लागली.

तेव्हा 'केर्न'कडं जावं. योहाय गॅलनं 2020 मध्ये काढलेली ही छोटीशी पुस्तिका फुकट मिळते आणि तिचा परवाना असा, की मूळ लेखकाचं नाव देऊन आणि तोच परवाना पुढं ठेवून कुणीही तिचं भाषांतर करावं. मी माझा नायकाचा कागद मराठीत करून घेतला. बळ, चपळाई, मनोबल, प्रत्येकी तीन फाशांची बेरीज. आणि एका फाशाचा 'बचाव'. वार लागला की नाही यासाठी फासाच नाही, वार लागतोच. किती लागला एवढंच बघायचं. लढाई दोन-तीन फेऱ्यांत संपते आणि प्रत्येक वार मनाला लागतो. बचाव जाणं म्हणजे जखम नव्हे, धाप लागणं. चार क्षण टेकून घोटभर पाणी प्यायलं की तो परत भरतो. मे महिन्यात भुईकोटाच्या तटावर भर दुपारी चढलेल्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

सामानाला जागा दहाच. दहाही भरल्या की बचाव शून्य. त्यामुळं दोर घ्यायचा की दिवटी, हा खरा प्रश्न होतो. शिदोरीच्या रकान्यात मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी लिहिते. आठवडेच्या आठवडे टिकणारी, प्रवासाचीच शिदोरी आहे ती.

केर्नमधली माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे राक्षस एका ओळीत मावतो. नियम निवडताना ही दुसरी चाचणी: आपल्या ओळखीच्या जागेतला एक राक्षस स्वतः लिहून बघा. जमलं नाही तर ते नियम कायम परकेच राहतील. माझ्या वहीतली ओळ अशी आहे: 'खंदकातली सुसर. बचाव 6, बळ 14, चपळाई 8, मनोबल 6, जबडा दहा बाजूंचा फासा. पाण्याबाहेर दहा पावलांपलीकडं येत नाही.' एवढ्यावर ती जिवंत झाली. तिनं माझ्या नायकाला धरलं तेव्हा फासा 7 पडला. चिलखताचा 1 वजा, उरले 6. बचाव होता 4, तो गेला, उरलेले 2 बळातून गेले, 11 चे 9 झाले. मग वीस बाजूंचा फासा टाकून 9 किंवा कमी यायला हवं होतं. आले 14. नायक कोसळला. आता तासाभरात कुणी उपचार केले तर वाचणार, आणि सोबत कुणीच नव्हतं. तेव्हापासून मी केर्न एका नायकानं खेळत नाही. पगारावर एक हेल्पर घेते. मागावर हेल्पर लागतो तसा भुयारातही लागतो.

भुयाराच्या जागाही मग आपल्याच सुचतात. सोलापूरहून हैदराबाद रस्त्यानं नळदुर्गला गेलात तर बोरी नदीवरच्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. अंगावरून पाणी कोसळतंय आणि आपण आत कोरड्या दालनात उभे. लहानपणी वडिलांबरोबर गेले होते, त्या जिन्याचा गारवा अजून पायाला आठवतो. माझ्या वहीतलं सर्वांत मोठं भुयार तिथूनच सुरू होतं.

केर्नची मूळ पुस्तिका सूत्रधाराच्या हातात द्यायला लिहिलेली आहे हे मात्र विसरू नका. उत्तरं देण्याचं काम तिथं तुमच्यावर येतं. त्यासाठी फार काही लागत नाही. हो-नाहीचा प्रश्न विचारायचा आणि एक फासा टाकायचा. 1 म्हणजे नाही आणि वर एक संकट. 2 नाही. 3 नाही, पण थोडा दिलासा. 4 हो, पण काहीतरी गमावून. 5 हो. 6 हो आणि वर बोनस. प्रश्न फासा हातात घेण्याआधी वहीत लिहायचा. हे मी कळकळीनं सांगते, कारण तोंडी प्रश्न विचारला की फासा पडल्यावर तो हळूच बदलतो. याहून खोल जायचं असेल तर टाना पिजनची 'मिथिक' पद्धत आहे. तिच्यात गोंधळाचा आकडा 1 ते 9 मध्ये वरखाली होतो आणि उत्तरांचं वजन बदलतो. सुरुवातीलाच ती घेऊ नये. एका वेळी एकच नवीन गोष्ट शिकावी.

वीस बाजूंचा फासा सोलापूरच्या नवी पेठेत सहज मिळेलच असं नाही, ऑनलाईन मागवावा लागतो. तो येईपर्यंत तंबोला खेळाच्या आकडे लिहिलेल्या सोंगट्या काढा, 1 ते 20 कापडी पिशवीत टाका, एक उचला, बघा आणि परत टाका. परत टाकायला विसरू नका, नाहीतर शक्यता बदलत जातात. दहासाठी 1 ते 10. कवड्या वापरायचा मोह मलाही झाला होता, पण उताणी आणि पालथी पडण्याचं प्रमाण सारखं नसतं. सारीपाटाला त्या चालतात, इथं नको.

शेवटची तपासणी कुणी करत नाही, पण घरसंसार असलेल्यांसाठी ती मोठी आहे: हे नियम मधेच थांबवता येतात का? दूध उतू जातं, फोन येतो, कुणीतरी झोपेतून उठतं. लढाईच्या मध्यात सात-आठ तात्पुरते परिणाम डोक्यात ठेवायला लावणारे नियम अशा घरात टिकत नाहीत. चाचणीच्या खोलीतच, उंदीर अर्धे मेलेले असताना उठून जा, चहा करून या आणि कागदाकडं बघून पुढं सुरू करता येतंय का ते पाहा.

मी स्वतः थांबते ती दारात. खोली संपवायची, पुढचं दार कागदावर काढायचं, उघडायचं नाही. वहीत तारीख, चौघांचे आकडे आणि एक ओळ. मग पंख्यानं कागद उडू नये म्हणून वर वडिलांचा जुना लाकडी धोटा. कालची ओळ: 'खोली 7, उत्तरेचं दार. आतून पाण्याचा आवाज. दिवट्या दोन.'